गोवा किंवा क्रूझच्या कॅसिनोतून कम्प्लायन्समध्ये जायचंय: नेमकं काय लागतं? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठी

मिरज, विटा, कराड, सातारा या पट्ट्यातून कॅसिनोत कामाला गेलेली मुलं-मुली आहेत. कोणी मांडवीवरच्या बोटीत डीलर (टेबलावर पत्ते वाटणारा), कोणी क्रूझवर केज (पैसे आणि चिप्सच्या देवघेवीची खिडकी) कॅशियर, कोणी सर्व्हेलन्सच्या (कॅमेऱ्यांवर नजर ठेवण्याच्या) खोलीत. तिशी जवळ आली की रात्रपाळी आणि टिपांवरचा पगार नकोसा होतो, आणि मग "कम्प्लायन्समध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या विभागात, जायचं" हे वाक्य सुरू होतं. पण कम्प्लायन्स म्हणजे काय, कोण घेतं, कशाच्या जोरावर घेतं, यावर मराठीत सलग कुठं लिहिलेलं दिसत नाही. म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण ती दर वेळी विचारली जाते. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा महाराष्ट्र कॅसिनो कायदा कागदावर होता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. तेव्हा "साताऱ्यात राहून कॅसिनो नियामकाकडं नोकरी" हा पर्याय मनातून काढा. गोव्यातही परवाने आणि देखरेख सरकारी खात्यांतूनच चालते. तिथल्या सरकारी भरतीत १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात, म्हणजे आपल्याकडच्यांना ते दार बंदच.

उरतं काय? कॅसिनोच्याच कम्प्लायन्स विभागात बदली, पुण्यातली बँकांची एएमएल (मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं, रोखण्याची) कामं, गावाकडच्या सहकारी बँका आणि परदेश. जाणकारांनी नेमकं लिहावं. "मेहनत करा, यश मिळेल" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

नोंदवही

चांगला धागा. सुरुवात कुठून करायची ते सांगतो: टेबलावरून थेट कम्प्लायन्समध्ये उडी मारायला जाऊ नका, मधे केज घ्या.

कारण सरळ आहे. डीलरचे हात आणि डोळे तयार असतात, पण त्याच्या नावावर कागद नसतो. बाय-इन (चिप्ससाठी दिलेली रक्कम) मोजला, चिप्स दिल्या, पिट बॉसनं (टेबलांवरच्या पर्यवेक्षकानं) रेटिंग कार्ड (खेळाडूच्या खेळाची नोंद) भरलं, संपलं. केजवरचा माणूस ओळखपत्र पाहतो, रक्कम नोंदवतो, पावती फाडतो, फ्लोट (खिडकीवरची शिल्लक) जुळवतो, फरक आला तर लिहून देतो. मुलाखतीत विचारलेल्या दहा प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरं त्याच्या रोजच्या कामात असतात. माझ्या हिशेबानं उतरता क्रम असा: केज, सर्व्हेलन्स, काउंट रूम (रोख मोजण्याची खोली), पिट इन्स्पेक्टर (टेबलांवर लक्ष ठेवणारा), डीलर, आणि स्लॉटवरचा अटेंडंट शेवटी. सहा महिने ते वर्षभर केज मिळत असेल आणि टिपा कमी होणार असतील, तरी घ्या.

आता कायदा. पीएमएलए म्हणजे २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा. २००९ च्या दुरुस्तीनं कॅसिनो त्यात आले. म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणं, व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षं ठेवणं आणि दिल्लीतल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे एफआययूला, अहवाल देणं बंधनकारक. पाठ असायलाच हवेत असे दोन अहवाल:

सीटीआर, म्हणजे रोख व्यवहाराचा अहवाल. १० लाखांच्या वरचा एक व्यवहार, किंवा १० लाखांच्या आतले पण एकमेकांशी जोडलेले अनेक व्यवहार ज्यांची महिन्याची बेरीज १० लाखांच्या वर जाते. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा.

एसटीआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल. याला रकमेची अट नाही. ५० हजारांवरही होतो. संशय पक्का झाला की विनाविलंब.

अहवाल पाठवतो तो प्रिन्सिपल ऑफिसर. डीलर किंवा कॅशियर पाठवत नाही, तो फक्त आत वर कळवतो. हे लक्षात ठेवा, कारण सीव्हीत "एसटीआर फाइल केले" असं लिहिणारे पहिल्याच प्रश्नाला पडतात. "संशयास्पद व्यवहार हेरून अंतर्गत नोंद केली" असं लिहा. तेवढं पुरेसं आहे आणि खरं आहे.

आणि ग्राहकाला "साहेब, तुमचा रिपोर्ट जाणार बरं का" असं सांगणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. ओळखीचा असला, टिप भरघोस देत असला, तरी.

कंदी_पेढा

एक शंका. रोखीला तर आयकराची दोन लाखांची मर्यादा आहे ना? एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायचीच नाही. मग १० लाखांचा सीटीआर कुणाचा होणार?

नोंदवही

पेढेसाहेब, बरोबर पकडलंत. जुन्या आयकर कायद्याचं कलम २६९एसटी. मोडलं तर घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेएवढाच दंड. म्हणूनच भारतातल्या कॅसिनोत एकरकमी १० लाख रोख दिसणं हीच गडबडीची खूण आहे. खरा खेळ बेरजेत असतो.

समजा एक गिऱ्हाईक महिन्यात दोन शनिवार-रविवार धरून येतं, शुक्रवारसकट. सहा दिवस. दर वेळी केजवर १,९०,००० रोख. दोन लाखांच्या खाली, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही. सहा गुणिले १,९०,००० म्हणजे ११,४०,०००. झाला सीटीआर. त्यातही दर रात्री वीस मिनिटं बॅकरा (पत्त्यांचा खेळ), किमान पैज, दहा हजारांची हार, आणि १,८०,००० च्या चिप्स सोबतचा दुसराच माणूस मोडून नेतो. हा एसटीआरचाही विषय झाला.

इथं चुकतं कुठं? तीन ठिकाणी. एक, नोंद खिडकीप्रमाणे ठेवतात, माणसाप्रमाणे नाही, त्यामुळं खिडकी बदलली की बेरीज तुटते. दोन, नावाचं स्पेलिंग: एकदा आधार, एकदा ड्रायव्हिंग लायसन्स, दोन्हीवर नाव वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं, आणि सिस्टिममध्ये दोन ग्राहक तयार. तीन, टेबलावर घेतलेला रोख बाय-इन केजच्या नोंदीत येतच नाही. तो ड्रॉप बॉक्समध्ये (टेबलाच्या बंद पेटीत) जातो आणि काउंटला नुसती रक्कम उरते, माणूस गळतो. टेबलावरच्या माणसाला ही गळती आतून माहीत असते. बँकेतून आलेल्या एएमएलवाल्याला ती समजवायला आठवडा जातो. मुलाखतीत हे सांगा. "मी प्रामाणिक आणि मेहनती आहे" सांगण्यापेक्षा शंभरपट बरं.

माणगंगा

वरच्याला पुरवणी, लिखाणाबद्दल. या क्षेत्रात माणूस अडतो तो कायद्यावर नाही, नॅरेटिव्हवर. म्हणजे संशयाची हकीकत लिहिण्यावर.

कच्ची नोंद अशी असते: "पाहुणा संशयास्पद वाटला. खूप कॅश घेऊन आला होता. नीट खेळत नव्हता. ओळखपत्र मागितल्यावर चिडला."

यावरून वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही. किती कॅश? नीट म्हणजे काय? हीच नोंद पक्की करून:

"ग्राहक क्रमांक अमुक. २१:१० वाजता केज खिडकी २ वर १,९०,००० रुपये रोख, सर्व ५०० च्या नोटा (३८०). टेबल ५, बॅकरा, २१:१८ ते २१:३८. एकूण १० हात, प्रत्येकी १,००० रुपये, सर्व हरले. २१:४६ वाजता १,८०,००० च्या चिप्स सोबतच्या व्यक्तीने (ग्राहक क्रमांक तमुक) खिडकी ३ वर मोडल्या. दोघांनी आपसांत चिप्स दिल्याचे कॅमेरा १४ वर २१:४१ वाजता दिसते. याच महिन्यात हाच प्रकार आधी पाच वेळा. जाहीर केलेला व्यवसाय: किरकोळ किराणा. खेळण्याचा हेतू दिसत नाही. रोख रकमेला जिंकल्याचे रूप देण्याचा किंवा ती दुसऱ्याकडे पोचवण्याचा प्रयत्न असू शकतो."

बघा, कोण, काय, कधी, कुठं, कसं हे आधी, आणि मत एकच वाक्य, तेही शेवटी, "असू शकतो" म्हणून. विशेषणं शून्य. आकडे आपसांत जुळतात: १,९०,००० वजा १०,००० बरोबर १,८०,०००. तपासणारा पहिल्यांदा हेच जुळवून बघतो. "काळा पैसा", "गुन्हेगार" असे शब्द कधीही लिहायचे नाहीत. ते ठरवणं आपलं काम नाही.

नोकरीत हे इंग्रजीत लिहावं लागतं. बोलण्याचं इंग्रजी कॅसिनोत तयार होतंच, लिहिण्याचं होत नाही. काल्पनिक प्रसंग घेऊन रोज एक, दीडशे शब्दांत, असं दोन-तीन महिने करा. खऱ्या ग्राहकाचं नाव, फोटो, स्क्रीनशॉट घरी आणू नका. सरावासाठीसुद्धा नाही. गोपनीयता मोडणाऱ्याला कम्प्लायन्समध्ये कोण घेणार?

चौकट_राजा

+१. माणगंगा यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा. वाचनखूण साठवली.

गलाईवाले

पुण्याला पळायच्या आधी घरच्या अंगणात बघा की.

नागरी सहकारी बँका. आरबीआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये टियर ३ आणि टियर ४ च्या नागरी बँकांना स्वतंत्र कम्प्लायन्स विभाग आणि चीफ कम्प्लायन्स ऑफिसर सक्तीचा केला. टियर ३ म्हणजे ठेवी १,००० कोटींच्या वर ते १०,००० कोटींपर्यंत, टियर ४ त्याच्या वर. चीफची खुर्ची तुम्हाला मिळणार नाही, ती बँकेत वरिष्ठ पदावर असलेल्याची. पण त्याच्या हाताखाली रोजचे अलर्ट (संगणकानं संशयास्पद म्हणून दाखवलेले व्यवहार) बघायला, री-केवायसी (ग्राहकांची ओळख पुन्हा तपासणं) मार्गी लावायला, सीटीआरची फाइल बनवायला माणसं लागतात, आणि शाखेतला क्लार्क हे काम अंगाला लावून घेत नाही. लहान, टियर १-२ च्या बँकांनाही केवायसी आणि एफआययूचे अहवाल चुकलेले नाहीत, फक्त तिथं एकच माणूस पाच कामं करतो. पतसंस्थांचं वेगळं: त्या सहकार खात्याच्या निबंधकाकडं, आरबीआयकडं नाही. अर्ज करताना हा फरक माहीत नसला की लगेच कळतं.

दुसरं, सोनं. आपला विटा-खानापूर-आटपाडीचा गलाई (सोनं-चांदी गाळण्याचा) धंदा देशभर पसरलाय. डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेनं मौल्यवान धातू आणि रत्नांचे व्यापारी पीएमएलएत आले: एका ग्राहकाशी १० लाख किंवा जास्त रोख व्यवहार, एकदम किंवा जोडलेल्या तुकड्यांत, होत असेल तर. पेढेसाहेबांची दोन लाखांची शंका इथंही लागू, आणि उत्तरही तेच. मोठ्या सराफी साखळ्यांना हे सांभाळणारं माणूस लागतं. सगळीकडं नेमलेलं असतंच असं नाही, पण विचारायला काय जातंय.

पगार? गावाकडच्या बँकेत सुरुवातीला क्रूझच्या टिपांच्या जवळपासही जाणार नाही. घरचं जेवण आणि दिवसपाळी, बास. हिशेब आधी घरात बसून करा.

चौकट_राजा

पुण्याचं मी लिहितो. मोठ्या परदेशी बँकांची आणि त्यांना सेवा देणाऱ्या कंपन्यांची केंद्रं खराडी, हिंजवडी, मगरपट्टा, येरवडा या भागांत आहेत. पदांची नावं अशी: केवायसी अ‍ॅनालिस्ट, ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंग अ‍ॅनालिस्ट, सँक्शन्स स्क्रीनिंग अ‍ॅनालिस्ट. तिन्हींत फरक आहे आणि कॅसिनोवाल्यानं मधलं धरावं, कारण व्यवहाराचा नमुना वाचणं त्याला येतं. सँक्शन्समध्ये दिवसभर निर्बंध घातलेल्यांच्या याद्यांशी नावं जुळवायची: संयुक्त राष्ट्रांची यादी, आपल्याकडं यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ५१ए खालची यादी वगैरे. कंटाळवाणं, पण शिरकाव सोपा.

पहिल्या पायरीवर अलर्ट येतात. बहुतेक खोटे निघतात. काम असतं ते खोटा का, हे चार ओळींत लिहून बंद करायचं, नाहीतर दुसऱ्या पायरीकडं ढकलायचं. नवखे दोन प्रकारे चुकतात: सगळंच वर ढकलतात, नाहीतर वेळेच्या धाकानं सगळंच बंद करतात. क्वालिटी चेकमध्ये दोन्ही सापडतात.

एक्सेल लागतंच. खोटे आकडे भरून शंभर ओळींचा तक्ता बनवा: तारीख, वेळ, ग्राहक क्रमांक, खिडकी, रोख आत, रोख बाहेर, कोणी मोडल्या. मग पिव्हट टेबलनं माणूस आणि महिना धरून बेरीज काढा, १० लाखांच्या वरचे लाल करा. रोख आत आणि रोख बाहेर वेगवेगळे जोडा, एकातून दुसरं वजा करू नका. ही वजाबाकी हमखास होणारी चूक आहे.

पदवी नसेल तर इथं अर्जच पुढं सरकत नाही. बारावीनंतर लगेच गेलेल्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. आत्ताच, नोकरी चालू असतानाच, सुरू करावं. तीन वर्षं जातात, आणि ती नंतर लागोपाठ काढणं अवघड.

कंदी_पेढा

आणि ऑनलाइन गेमिंग कंपन्या? तिथं कम्प्लायन्सच्या जागा निघायच्या.

नोंदवही

निघायच्या. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं बेकायदा: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, आणि बँकांनी त्यांचे पैसे फिरवायचे नाहीत. त्यामुळं "ऑनलाइन कॅसिनोला घरबसल्या केवायसी करायचंय" अशी जाहिरात टेलिग्रामवर आली तर हात लावू नका. स्वतःचं बँक खातं वापरायला सांगणारे तर थेट दुसऱ्यांचे पैसे तुमच्या गळ्यात मारतात. कम्प्लायन्सला जायच्या आधीच एसटीआरमध्ये तुमचं नाव!

माणगंगा

परीक्षांचं राहिलं. कोर्सवाल्यांच्या जाहिराती फार, म्हणून.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची एएमएल-केवायसी ही प्रमाणपत्र परीक्षा पहिली द्या. बँकेत नसलेल्यांनाही देता येते. १२० प्रश्न, १०० गुण, दोन तास, उत्तीर्ण व्हायला ५०. फी परवडते आणि सहकारी बँकांना हे नाव ओळखीचं आहे.

कॅम्स हे एएमएलचं प्रमाणपत्र मोठं आहे, जगभर चालतं. पण त्याला ४० पात्रता-गुण लागतात, शिक्षण, अनुभव आणि प्रशिक्षण मिळून. फी डॉलरमध्ये, लाखाच्या वर जाते. नोकरी नसताना कर्ज काढून हे करू नये असं माझं ठाम मत. आधी अ‍ॅनालिस्ट व्हा. बऱ्याच कंपन्या नंतर फी भरतात.

एलएलबी करायचं असेल तर पदवीनंतर तीन वर्षं, सीईटी देऊन. साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीतही महाविद्यालयं आहेत. अ‍ॅनालिस्ट व्हायला याची गरज नाही. पुढं परवाने, करार, नियामकाशी पत्रव्यवहार अशा कामात जायचं असेल तर उपयोग.

कृष्णाकाठी

कॅसिनोच्या आतच राहायचं म्हणणाऱ्यांनी फक्त एएमएल बघून चालणार नाही ना?

नोंदवही

नाही चालणार, ताई. गोव्यातलं धरलं तर: १९७६ चा जुगारविषयक कायदा, १९९२ ची दुरुस्ती (पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं), १९९६ ची (बोटींवर टेबलाचे खेळ). त्यामुळं जमिनीवर काय चालतं आणि पाण्यावर काय, हा फरक कायद्यातूनच आलाय. मुलाखतीत विचारतात. वयाची अट २१. गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून खेळायला बंदी, म्हणजे दारावर पत्ता बघणं हेही कम्प्लायन्सच. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, चिप्स घेताना दिलेल्या रकमेवर. १०,००० च्या वरच्या जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस. सेल्स, सर्व्हेलन्स, केज आणि अकाउंट्सचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे बघणारा माणूस म्हणजे कम्प्लायन्स एक्झिक्युटिव्ह.

परदेशाचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये डीलर-कॅशियरलाच वैयक्तिक फंक्शनल लायसन्स लागतं आणि कम्प्लायन्स प्रमुखाला मॅनेजमेंट लायसन्स. म्हणजे तिथलं लायसन्स नियामकाच्या नोंदीत असतं, त्याचे कागद जपून ठेवा. अमेरिकेत जमिनीवरच्या कॅसिनोंना टायटल ३१, म्हणजे तिथले मनी लाँडरिंगविरोधी नियम: एका गेमिंग डेत १०,००० डॉलरच्या वर रोख गेली की १५ दिवसांत अहवाल, संशयास्पद ५,००० डॉलरपासून आणि ३० दिवसांत. गेमिंग डे म्हणजे कॅसिनोचा चोवीस तासांचा दिवस, घड्याळाचा नाही, त्यामुळं रात्री ११:५० आणि १२:२० एकाच दिवसात पडू शकतात. परदेशी झेंड्याच्या क्रूझवर हा नियम तसाच लागू होता असं धरून सीव्हीत ठोकू नका. जहाजावर प्रशिक्षण झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र जोडा. यूएईत २०२३ मध्ये नियामक आला आणि रास अल खैमाला मोठा रिसॉर्ट उभा राहतोय. त्याच्या नावानं पैसे मागणारे एजंट आपल्याकडं फिरणारच. परवानाधारकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच अर्ज करा.

गलाईवाले

कागदांचं सांगून टाका कुणीतरी. क्रूझवाल्यांचं बॅकग्राउंड चेक तिथंच अडकतं.

चौकट_राजा

अडकतं, कारण दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या सुट्ट्या सीव्हीत भोक म्हणून दिसतात. तेव्हा सीव्हीत "२०१९ ते २०२४ क्रूझ" असं एका ओळीत न लिहिता प्रत्येक कॉन्ट्रॅक्टची चढल्याची आणि उतरल्याची तारीख, जहाज, पद असा तक्ता द्या. पुरावा म्हणून सीडीसीतल्या (खलाशाच्या सेवापुस्तकातल्या) साइन-ऑन, साइन-ऑफच्या नोंदी आणि कंपनीचं सी-सर्व्हिस लेटर (जहाजावरच्या नोकरीचं पत्र). मॅनिंग एजन्सीचं (जहाजांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं) पत्र एकटं पुरत नाही, कारण पडताळणीवाले मालक कंपनीलाच मेल टाकतात. नोकरी सोडायच्या आधी एचआरचा पडताळणीचा ईमेल पत्ता लिहून घ्या. उतरल्यावर कुणी दाद देत नाही.

परदेशातल्या नोकरीसाठीचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढता येतं. पत्ता साताऱ्याचा आणि सध्या राहणं गोव्यात असेल तर पडताळणी दोन्हीकडं जाऊ शकते, म्हणून लवकर लावा. टिपा हे उत्पन्न आहे. रिटर्नमध्ये दाखवलं नसेल आणि बँकेत मात्र जमा दिसत असेल, तर दुसऱ्यांच्या उत्पन्नाचे स्रोत तपासायच्या नोकरीला बसताना तो प्रश्न आधी तुम्हालाच येईल. सीएकडून मागची वर्षं बघून घ्या.

कृष्णाकाठी

सगळ्यांचे आभार. केजवरून बँकेत जाताना नोटिस पीरियड आणि बाँडचा मुद्दा राहिलाय, त्यासाठी वेगळा धागा काढते. नमुन्याचा एक्सेल तक्ता कुणी बनवलात तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खोट्या आकड्यांचाच.